ड्रायव्हरच्या बाजूची स्प्रिंग

मी एक स्प्रिंग बोलतेय. गादीतली नव्हे, आणि पेनातली तर नव्हेच. एका जुन्या, दोनच माणसं बसतील अशा स्पोर्ट्स कारच्या पुढच्या उजव्या चाकावर बसवलेली, करंगळीएवढ्या जाड सळईची, वेटोळ्यावर वेटोळं घातलेली स्प्रिंग. जरा थांबत थांबत बोलेन, सांभाळून घ्या. दमलेय मी. जिला आयुष्यभर दाबूनच ठेवलं, तिला एकदम बोल म्हटलं तर शब्द सुचायला वेळ लागणारच.

माझा जन्म भट्टीतला. सरळ सळई होते मी. लालभडक तापवून मला एका जाड दांड्याभोवती गुंडाळलं आणि तशीच तेलात बुडवली. अजून अंगातली धग गेली नव्हती, तोच एका यंत्रानं मला वरून दाबून पार चपटी केली. सोडल्यावर मी पुन्हा ताठ उभी राहते का, ते त्यांना पाहायचं होतं. राहिले उभी. मग कुणीतरी माझ्यावर रंगाचा एक ठिपका लावला आणि म्हणालं, ‘‘ही चालेल.’’ माझं कौतुक म्हणून जे काही झालं, ते एवढंच.

माझ्याबरोबर माझी जुळी बहीण होती. तिला डाव्या चाकावर बसवली, मला उजव्या. उजवीकडे ड्रायव्हर बसतो. कोण कुठं बसणार हे आम्हाला कुणी विचारलं नाही. बहिणीच्या बाजूला कधी माणूस असायचं, कधी नुसती पिशवी, कधी काहीच नाही. माझ्या बाजूची सीट मात्र कधी रिकामी असायची नाही. गाडी चालली म्हणजे कुणीतरी माझ्या उरावर बसलेलंच. पुढं आम्हा दोघींत जो फरक पडला तो यामुळं पडला.

पहिला मालक दाताचा डॉक्टर होता. काडीसारखा माणूस. बसला की उतरला, कळायचंही नाही. गाडीवर सदैव आच्छादन, आणि महिन्यातून एखादी फेरी. त्या दिवसांत मला वाटायचं, हे काम असं असेल तर शंभर वर्षं करीन. मग डॉक्टर थकला आणि गाडी ठेकेदाराकडे आली.

ठेकेदार पहिल्यांदा सीटवर बसला तो क्षण मी अजून विसरलेले नाही. मला वाटलं दोघं बसलेत.

हा माणूस मूळचा गवंडी. विटा रचता रचता स्वतःच्या हिमतीवर इमारती बांधायला लागला. पहिली तीन मजली इमारत पुरी झाली तेव्हा त्यानं ही गाडी घेतली. त्याची बायको गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाली होती, ‘‘अहो, एवढं तुमचं धूड आणि एवढीशी गाडी! बसणार आहात की अंगात घालणार आहात?’’

‘‘तू बस तर खरी,’’ तो म्हणाला.

ती बसली. तेव्हापासून डाव्या सीटवर तीच. तिची रोपवाटिका होती. रोपं पोचवायला तिची स्वतःची छोटी व्हॅन होती आणि ती तिनं वर्षानुवर्षं खड्ड्याखुड्ड्यांतून हाकली होती. पण ही गाडी तिच्या हाती द्यायचं नाव ठेकेदार काढत नसे. ‘‘तू व्हॅन चालवतेस तशी ही चालवलीस तर हिचा जीव जाईल,’’ असं तो म्हणायचा आणि ती हसून खिडकीबाहेर पाहायची. ते हसणं फारसं मनापासून नव्हतं असं मला वाटतं. पण मी खाली चाकापाशी, मला कोण विचारतो.

सुट्टीच्या सकाळी दोघं धरणाच्या रस्त्यानं जायची. वळणावळणाचा रस्ता होता. डाव्या वळणाला सगळा भार माझ्यावर यायचा आणि ठेकेदार नेमका तिथंच वेग वाढवायचा. मी दातावर दात धरून तो भार घ्यायचे आणि वळण संपलं की हळूच वर यायचे. त्याला त्यात फार आनंद व्हायचा. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मलाही व्हायचा. नंतर नंतर मी वर येईनाशी झाले. म्हणजे येत होते, पण पूर्वीएवढी नाही. आमच्यात याला ‘बसणं’ म्हणतात. माणसं दमल्यावर थोडा वेळ बसतात आणि मग उठतात. आम्ही बसलो की बसलोच.

वर्षं गेली. ठेकेदाराचे केस पिकले, पोट वाढलं, साइटवरची कामं त्यानं पुतण्याकडे सोपवली. गाडी तेवढी त्यानं कुणाकडे सोपवली नाही.

मग एका सकाळी मला जरा हलकं वाटलं.

तुम्हाला हे समजावून सांगायला हवं. मी माणसं डोळ्यांनी ओळखत नाही, वजनानं ओळखते. ठेकेदाराचं वजन मला पाठ होतं. तो कसा रेलतो, गियर बदलताना कसा सरकतो, चिडला की कसा पुढं झुकतो, सगळं पाठ. त्या सकाळी तो नेहमीसारखा बसला, दार लावलं, आणि माझ्यावरचा भार रोजच्याहून थोडा कमी होता. आनंद झाला मला. म्हटलं, बारीक झाला बुवा शेवटी! मग लक्षात आलं की बहिणीकडे तेवढंच वजन वाढलंय. माणूस तेवढाच होता, पण तो डावीकडे कलून बसत होता.

गाडीत दोघांचं बोलणं चाललं होतं.

‘‘परवा तोंड वाकडं झालं होतं तुमचं,’’ बायको म्हणाली. ‘‘डॉक्टरकडे जाऊ या म्हणतेय मी.’’

‘‘उन्हात फार वेळ उभा राहिलो होतो. संध्याकाळपर्यंत झालं ना सरळ?’’

‘‘कप पडला हातातून.’’

‘‘कप निसरडा होता. तू आता डॉक्टरकी सुरू करू नकोस.’’

थोडं पुढं गेल्यावर तोच म्हणाला, ‘‘अगं, गाडी डावीकडे ओढतेय बघ.’’

तिथून आमचे हाल सुरू झाले.

आधी गाडी एका चकचकीत ठिकाणी गेली. फरशी अशी की तीत आमचं पोट दिसावं. चारही चाकांना आरसे लावले, पडद्यावर आकडे आले. ‘‘सगळं हिरवं आहे सर,’’ तिथला मुलगा म्हणाला. ‘‘चाकांची अलाइनमेंट एकदम परफेक्ट.’’ ठेकेदार गाडी घेऊन निघाला आणि पहिल्याच सरळ रस्त्यावर म्हणाला, ‘‘कसलं परफेक्ट? ओढतेच आहे.’’ गाडी परत गेली. पुन्हा सगळं हिरवं. तिसऱ्यांदा गेली तेव्हा, हा गृहस्थ ऐकत नाही म्हटल्यावर, त्यांनी पुढच्या आर्म्सचे, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे, रबरी बुश बदलून टाकले. स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणाऱ्या टाय रॉडचे एंड बदलले. बिचारे काही दोष नसताना गेले. टाय रॉडचा उजवा एंड माझा जुना शेजारी. त्याला काढताना त्यानं एवढंच विचारलं, ‘‘माझं काय चुकलं?’’ मी काय सांगणार?

मला माहीत होतं ना काय चुकतंय ते. ठेकेदाराचा डावा हात स्टिअरिंगवर धरलेला नसायचा, लटकलेला असायचा. ओल्या टॉवेलसारखा. तेवढ्या मोठ्या हाताचं वजन स्टिअरिंगला खाली, डावीकडे ओढायचं. स्टिअरिंगपासून रॉड, रॉडपासून चाक, चाकापासून मी. येणारी प्रत्येक गोष्ट माझ्यापर्यंत येते. त्याला मात्र वाटायचं, आपण स्टिअरिंग सरळ धरलंय आणि गाडीच वाकडी जातेय. खरंच वाटायचं. तो खोटं बोलत नव्हता.

आणि बायकोला? तिला सगळं कळलेलं होतं. गाडी डावीकडे जायला लागली की तिचं अंग आक्रसायचं, बहिणीला ते जाणवायचं. कधीकधी ती गप्पा मारता मारता उजवा हात सहज लांब करायची आणि स्टिअरिंगला खालून बोटं लावायची. गाडी सरळ व्हायची. ‘‘बघ, आता कशी नीट चालली,’’ ठेकेदार म्हणायचा. ती म्हणायची, ‘‘हो ना.’’

असं किती दिवस चालणार? एकदा धरणाच्या रस्त्यावर डाव्या कडेनं एक सायकलवाला चालला होता. मागं भाजीची टोपली, डोक्यावर उन्हाची टोपी. बायको तेव्हा पर्समध्ये काहीतरी शोधत होती. तिनं मान वर केली तेव्हा टोपली काचेला लागायला आली होती. तिनं किंचाळून दोन्ही हातांनी स्टिअरिंग आपल्यापासून दूर लोटलं. गाडी हेलकावली, मी तळापर्यंत दबले. सायकलवाला मागं कुठंतरी ओरडत राहिला. पडला नाही, एवढं नशीब.

ठेकेदारानं गाडी थांबवली. कपाळ पुसलं. ‘‘बघितलंस?’’ तो म्हणाला. ‘‘कशी ओढली ती? माणूस मेला असता आज. या गाडीला आता नीट करायलाच पाहिजे.’’

बायकोनं तोंड उघडलं आणि मिटलं. मला इतका राग आला तिचा! बोल ना बाई, म्हटलं, तुझ्याशिवाय कोण बोलणार? पण तो बिचारा घामाघूम होऊन बसला होता आणि ज्या हातानं त्यानं तीन-तीन मजले चढवले त्या हाताचं नाव घ्यायचं तिच्या जिवावर आलं. ती एवढंच म्हणाली, ‘‘चला घरी. सावकाश.’’ आणि तिनं स्टिअरिंगला लावलेली बोटं घरी पोचेपर्यंत काढली नाहीत.

मग आम्ही मिस्त्रीकडे आलो. गावाबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं काम चालतं. जुन्या गाड्याच घेतो. स्वभावानं तिरसट, आणि काम करताना स्वतःशीच बडबडतो. त्यानं गाडी स्टँडवर चढवली, चाकं काढली, आणि नवे घातलेले बुश पाहून कपाळाला हात लावला.

‘‘साहेब, हे फाटलेत. नवेच्या नवे.’’

‘‘फाटले? अहो, आत्ता तर घातले!’’

‘‘गाडी हवेत टांगलेली असताना नट आवळले असणार. चाकं तेव्हा खाली लोंबत असतात. गाडी जमिनीवर उतरली की आर्म वर येतो आणि रबराला पीळ बसतो. मग ते किती दिवस टिकणार? नट नेहमी गाडी आपल्या वजनावर उभी असताना आवळायचे.’’ मग स्वतःशीच म्हणाला, ‘‘पडद्यात बघतात, खाली कोण बघतो!’’

ठेकेदाराला हा माणूस आवडला. चूक गाडीचीच आहे असं इतक्या ठासून सांगणारा पहिलाच भेटला होता.

मिस्त्रीनं चाकापाशी असलेला एक बॉल जॉइंट, म्हणजे गोळीचा सांधा, हलवून पाहिला, तो खरंच सैल होता. आणि मग त्यानं आम्हा दोघी बहिणींना बाहेर काढून टेबलावर शेजारी शेजारी उभं केलं.

इतक्या वर्षांनी बहिणीच्या शेजारी उभी राहिले आणि मला माझीच लाज वाटली. ती माझ्याहून बोटभर उंच होती. एकाच दिवशी जन्मलेल्या आम्ही. ती अजून तरुण दिसत होती आणि मी तिची आई शोभले असते.

‘‘ही बघा,’’ मिस्त्रीनं माझ्या डोक्यावर टिचकी मारली. ‘‘ही बसली. एक कोपरा खाली गेला की चाक वरून आत झुकतं. टायर आतून झिजतो आणि गाडी दुसऱ्या बाजूला ओढू शकते. तुमचा चोर सापडला.’’

चोर! एवढी वर्षं ज्याचं ओझं वाहिलं, तो माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘म्हणजे ही होती होय? टाका काढून.’’

बायको दारापाशी उभी होती. तिनं सुटकेचा केवढा मोठा श्वास सोडला! तिलाही वाटलं की खरंच गाडीच असेल. आपण उगाच भलतंसलतं मनात आणलं. मला टाकून दिल्याचं मला वाईट वाटलंच, पण खरं सांगते, त्याहून जास्त भीती वाटली. मी बसलेली आहे हे खरं होतं. पण सायकलवाल्याच्या अंगावर गाडी मी नेली नव्हती.

दोन नव्या स्प्रिंगा आल्या, कारण आम्हाला जोडीनंच बदलतात. काळ्या, तकतकीत, ठिपका लावलेल्या. आम्हा दोघींना मिस्त्रीनं भिंतीवरच्या फळीवर ठेवलं. तिथून शेड सगळी दिसते.

आता अलाइनमेंट. मिस्त्रीची एक पद्धत होती. स्पोर्ट्स कारला तो रिकाम्या सीटवर माप घेत नसे. ‘‘गाडी चालवताना माणूस आत असतो ना? मग माप घेतानाही पाहिजे. तुम्ही या आणि बसा,’’ त्यानं फोनवर सांगितलं. ठेकेदाराला त्या दिवशी पुतण्यानं साइटवर बोलावलं होतं. त्यानं निरोप धाडला, माझ्या वजनाचं काहीतरी ठेवा. आणि निरोपाबरोबर टेंपोनं सिमेंटची दोन पोती पाठवून दिली. ‘मी बरोबर दोन पोती भरतो,’ असा वर मजकूर.

मिस्त्री हसला. त्यानं दोन्ही पोती ड्रायव्हरच्या सीटवर एकावर एक रचली, वरून पट्टा लावला. मी फळीवरून पाहत होते. पोती ताठ बसली होती. ना इकडं झुकलेली, ना तिकडं. आणि पोत्यांना डावा हात नव्हता. मला ओरडावंसं वाटलं, अरे वजन बरोबर आहे, पण माणूस कुठंय?

मिस्त्रीनं काम चोख केलं. स्वतः चालवून आला. ‘‘बाणासारखी जाते,’’ म्हणाला. संध्याकाळी ठेकेदार गाडी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी गाडीचा आवाज आला आणि पाठोपाठ ठेकेदाराचा.

‘‘मिस्त्री! काय केलंस तू? आहे तिथंच आहे! आत्ता येताना कठड्याला घासली!’’

डाव्या बाजूला लांबच लांब ओरखडा होता. बायको गाडीतून उतरली ती पांढरीफटक. मिस्त्रीनं ओरखड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि नेहमीची बडबड न करता म्हणाला, ‘‘साहेब, पोत्यांवर माप घेतलं हे चुकलं माझं. आज तुम्ही स्वतः बसा. मी दोरा लावून पुन्हा बघतो.’’

त्यानं पुढच्या दोन्ही चाकांखाली पत्र्याच्या जोड्या सरकवल्या. दोन पत्र्यांच्या मध्ये ग्रीस. त्यावर उभं राहिलेलं चाक बोटानंही वळतं. मग गाडीच्या दोन्ही अंगांना, पुढून मागपर्यंत, चाकांच्या मध्याच्या उंचीवर ताणून एकेक पांढरा दोरा बांधला. दोऱ्यापासून रिमपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजलं आणि पुढची चाकं दोऱ्याशी सारखी केली. टायर आणि दोरा यांच्या मध्ये बारीकशी फट राहिली.

‘‘बसा आता. रस्त्यावर जसं स्टिअरिंग धरता तसं धरा. समोर बघा. बाकी काही करू नका.’’

ठेकेदार बसला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, समोर पत्र्याच्या भिंतीकडे पाहू लागला.

आणि चाकं हळूहळू डावीकडे वळायला लागली. कुणी ढकलत नव्हतं. डाव्या चाकाचा पुढचा काठ दोऱ्याला टेकला आणि दोऱ्याला बाहेर बाक आला.

‘‘सरळ धरलंय ना साहेब?’’

‘‘मग काय वाकडं धरलंय? अगदी सरळ आहे.’’

मिस्त्री वाकलेला होता तो तसाच राहिला. त्याला कळलं. तिरसट माणूस, पण त्या वेळी त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. त्यानं उठून स्टिअरिंग पुन्हा मध्यावर आणलं. ‘‘परत एकदा.’’ परत तेच.

‘‘तुझा दोरा ढिला असेल,’’ ठेकेदार म्हणाला. ‘‘काय झालंय काय? अगं, तू बघ. तू सांग मला. चाक कुठं आहे?’’

बायको दोऱ्यापाशी आली. पाहिलं. ती एवढा वेळ घेत होती की मला वाटलं, ही पुन्हा ‘हो ना’ म्हणणार. फळीवरून उडी मारून तिच्या पायाशी पडावं असं वाटलं मला.

‘‘टेकलंय,’’ ती म्हणाली. ‘‘दोऱ्याला टेकलंय. अहो, गाडी ओढत नाहीये. तुमचा हात ओढतोय. केव्हापासून ओढतोय. मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही.’’

मी इतक्या वर्षांत ठेकेदाराचे सगळे आवाज ऐकले होते. ओरडणं, हसणं, भांडण. आता जो आला तो नवा होता, हळू आणि नरम.

‘‘तू बस इथं,’’ तो म्हणाला. तो उतरला, ती त्याच्या जागी बसली. मिस्त्रीनं चाकं मध्यावर आणली. तिनं दोन्ही हात ठेवले आणि समोर पाहिलं. चाकं जागची हलली नाहीत.

ठेकेदार गुडघ्यावर टेकला. त्याला ते सोपं गेलं नाही, गाडीला धरून धरून टेकला. एक डोळा मिटून त्यानं दोऱ्यावरून नजर नेली, मागपासून पुढपर्यंत. टायर आणि दोऱ्यातली फट पाहिली. मग उजव्या हाताच्या बोटानं दोऱ्याला टिचकी मारली. दोरा थरथरला आणि होता तिथं येऊन थांबला.

‘‘ढिला नाही,’’ तो स्वतःशीच म्हणाला.

मिस्त्री म्हणाला, ‘‘साहेब, दोऱ्यातही कधी कधी...’’

‘‘गप रे. मला दोरा शिकवतोस? या दोऱ्यावर मी माणसांनी रचलेल्या भिंती पाडायला लावल्यात. ते रडायचे. माझं एकच म्हणणं असायचं, माझ्याशी नको, दोऱ्याशी भांड.’’ मग त्यानं डावा हात उजव्या हातात घेऊन बोटं एकेक करून मिटायचा प्रयत्न केला. अंगठ्याजवळची दोन मिटली, करंगळी आणि तिच्याशेजारचं मिटेनात. ‘‘तो सायकलवाला...’’ तो म्हणाला.

बायको उतरायला लागली.

‘‘उतरू नकोस,’’ तो म्हणाला. ‘‘मिस्त्री, काल पोती काढलीस ना सीटवरून? आज मलाही काढ. हिच्या वजनावर लाव सगळं.’’

‘‘अहो, मला ही गाडी...’’

‘‘तुला येते. कायमच येत होती.’’

मिस्त्रीनं पुन्हा सगळं मोजलं. तिचं वजन ते काय, अर्ध्याहून थोडं जास्त. तेवढ्यानंही गाडीची उंची बदलते, चाकांचा झोक बदलतो. पाना लावून थोडं थोडं फिरवत तो बराच वेळ खपत होता. ती मात्र सीट पुढं ओढून, पाठ ताठ करून बसून होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसतही नव्हती, कारण मिस्त्रीनं हलू नका म्हणून सांगितलं होतं.

ठेकेदार शेडमध्ये फिरत फिरत आमच्या फळीपाशी आला. मला उचललं, उजव्या हातानं.

‘‘हिला उगाच काढली मग,’’ तो म्हणाला.

‘‘नाही साहेब,’’ खालून मिस्त्रीचा आवाज आला. ‘‘ती खरंच बसली होती. थकलेली होती. बदलायला झालीच होती.’’

ठेकेदारानं मला हातात फिरवून पाहिलं. माझा गंज त्याच्या तळव्याला लागला. ‘‘थकली तर थकली,’’ तो म्हणाला. ‘‘त्यात लाज कसली?’’ मला म्हणाला की स्वतःला, मला ठाऊक नाही. त्यानं मला बहिणीशेजारी परत ठेवलं, पण चोरासारखं नाही. जपून ठेवलं.

मग तो गाडीकडे गेला आणि सवयीनं उजव्या दाराशी थांबला. बायकोनं आतून वर पाहिलं. तो वळला, पुढून फेरी मारून डाव्या बाजूला गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटवर बसत होता. गुडघे समोर अडकले, सीट मागं सरकवायचा खटका कुठंय ते सापडेना, डाव्या हातानं तर सापडलाच नसता. तिनं त्याच्यावरून वाकून तो ओढला.

‘‘कुठं जायचं?’’ तिनं विचारलं.

‘‘डॉक्टरकडे,’’ तो म्हणाला. ‘‘आणि जाताना धरणाच्या रस्त्यानं जाऊ. तो सायकलवाला रोज तिकडूनच जात असेल. भेटला तर थांबव. मला बोलायचंय त्याच्याशी.’’

गाडी निघाली. फाटकापर्यंत सरळ गेली, वळली, आवाज लांब लांब गेला. मी कान देऊन ऐकत होते. कुठंही अडखळली नाही.

त्याला आता बरेच दिवस झाले. फळीवर आमच्यावर धूळ बसलीय. मिस्त्री कधीतरी आम्हाला भंगारात देईल, तिथून भट्टीत. माझी त्याला हरकत नाही. भट्टीतूनच आले, भट्टीत जाईन. बहीण अजून काम करू शकली असती, तिला वाईट वाटतं. मला नाही. मला फक्त एवढंच सांगायचंय, की मला पुन्हा कशाखाली ठेवू नका. दाराला अडसर म्हणून नको, टेबलाचा पाय म्हणून नको. माझ्यावर कुणी बसलेलं नाही असे हे माझे पहिलेच दिवस आहेत. थोडे पुरे होऊ द्या. आणि तुमच्या घरात कुणी वारंवार म्हणत असेल की गाडी ओढतेय, कप निसरडा आहे, जिना उंच झालाय, तर आम्हाला बदलायच्या आधी त्याचा हात एकदा हातात घेऊन बघा.